बारा वर्षांचा ड्रायव्हर, सहा महिन्यांचं लायसन्स

जुलै २०२३ च्या शेवटच्या रविवारी माझा मामेभाऊ बायको आणि मुलीला घेऊन आमच्याकडे जेवायला आला. तो राहतो जर्मनीत, झिंडेलफिंगेनला, श्टुटगार्टपासून जवळच. मूळ नाशिकचा, वय पस्तीस, ब्रेकच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा इंजिनिअर. मार्चमध्ये इकडे आला आणि एप्रिलमध्ये त्याने जुनी गोल्फ गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात वळताना इंडिकेटरऐवजी वायपर चालू झाले. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, इथे डाव्या. कोरड्या ठणठणीत काचेवर वायपर खरखरत फिरले आणि मागच्या सीटवरून सहा वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, पाऊस?" तेव्हापासून तो त्या घरातला विनोद झाला.

जेवताना मी सहज विचारलं, "अरे, लायसन्सचं काय केलंस?"

"आहे की ताई. इंटरनॅशनल काढूनच आलोय. फेब्रुवारीपर्यंत चालतंय."

प्रकरण इथून सुरू होतं. इकडे येणाऱ्या दहांतल्या पाच-सहा जणांच्या तोंडी मी हेच वाक्य ऐकलं आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट म्हणजे ती राखाडी पुस्तिका. आरटीओ ती एका वर्षासाठी देतं आणि तिच्यावर तारीखही एका वर्षाची असते. साहजिकच माणूस समजतो की आपल्याला परदेशात वर्षभर गाडी चालवायची परवानगी मिळाली. प्रत्यक्षात ती पुस्तिका म्हणजे तुमच्या मूळ लायसन्सचं सर्वमान्य नमुन्यातलं भाषांतर. भाषांतर एक वर्ष चालेल, पण मूळ लायसन्स किती दिवस चालवून घ्यायचं हे तो देश ठरवतो. जर्मनीने ठरवलेली मुदत आहे सहा महिने, आणि ती लायसन्सच्या किंवा पुस्तिकेच्या तारखेपासून मोजत नाहीत, तुम्ही इथले रहिवासी झालात त्या दिवसापासून मोजतात. मध्ये दोन आठवडे नाशिकला जाऊन आलात म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. वर्षभराहून जास्त राहणार नाही हे दाखवता आलं तर मुदत बारा महिन्यांपर्यंत वाढवून मिळू शकते. याचा नोकरीचा करार कायमचा होता, तेव्हा तोही रस्ता बंद.

तो १ मार्चला आला होता. म्हणजे ३१ ऑगस्ट. आम्ही बोलत होतो तेव्हा हातात जेमतेम महिना होता.

सहा महिन्यांनंतर तेच लायसन्स घेऊन स्टिअरिंगवर बसणं म्हणजे विनापरवाना वाहन चालवणं. इथे त्याची पावती फाडून भागत नाही. तो फौजदारी गुन्हा आहे. शिक्षा दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, आणि माहीत असून गाडी चालवू देणाऱ्या मालकालाही तेच कलम. ३१ ऑगस्टच्या रात्री अकराला जो ड्रायव्हर कायदेशीर, तोच तासाभराने गुन्हेगार. मध्ये त्याचे हात बिघडले नाहीत की डोळे. मला हे आजही विचित्र वाटतं.

त्याला तर संतापच आला. त्याच्या टीममधल्या जपानी माणसाने कोणतीही परीक्षा न देता, कागद देऊन जर्मन लायसन्स घेतलं होतं. जपान, दक्षिण कोरिया, दक्षिण आफ्रिका, स्वित्झर्लंड, अमेरिकेतली बरीच राज्यं अशी एक यादी नियमांना जोडलेली आहे. त्या यादीतल्यांना लायसन्स बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही. "जपानमध्येही डावीकडूनच चालवतात ना?" तो म्हणाला. मुद्दा डाव्या-उजव्याचा नव्हता. त्या देशाचं प्रशिक्षण आणि परीक्षा इथल्या तोडीची मानायची का, आणि तो देश जर्मन लायसन्स तसंच बदलून देतो का, हा होता. मी विचारलं, "तुझी परीक्षा कशी झाली होती रे?" २०११ साली, मैदानावर आठचा आकडा, थोडं रिव्हर्स, दहा मिनिटांत मोकळा. तो हसला. पुढे त्या यादीविषयी बोलला नाही.

अफवा आणि अर्ज

ऑगस्टचे पहिले दहा दिवस व्हॉट्सअॅपमध्ये गेले. एका ग्रुपवर कुणी लिहिलं, सहा महिने उलटले की भारतीय लायसन्स मेलं, मग अठरा वर्षांच्या पोराप्रमाणे श्रीगणेशापासून सुरुवात. एका ड्रायव्हिंग स्कूलने त्याला फोनवर तेच सांगितलं: लेखी परीक्षेआधीचे चौदा वर्ग सक्तीचे, प्रत्येकी नव्वद मिनिटं, आणि शिवाय बारा खास फेऱ्या – पाच गावाबाहेरच्या रस्त्यावर, चार ऑटोबानवर म्हणजे द्रुतगती महामार्गावर, तीन अंधारात.

हे नवशिक्यांसाठी खरं आहे. ज्याच्याकडे परदेशाचं वैध लायसन्स आहे त्याला यातलं काहीच सक्तीचं नाही. त्याला दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, पण किती तास शिकायचं ते त्याचं तो ठरवतो. ही सवलत सहा महिने संपले म्हणून जात नाही. फक्त गाडी चालवायचा हक्क थांबतो. तो फोनवरचा माणूस अज्ञानाने बोलला की गिऱ्हाईक बघून, हे मी सांगू शकत नाही. आम्ही दुसरं स्कूल शोधलं. स्कूल लागतंच, कारण प्रत्यक्ष परीक्षा त्यांच्या दुहेरी पेडलच्या गाडीत आणि त्यांचा शिक्षक शेजारी बसवूनच देता येते.

कागद जमवणं त्यामानाने सोपं. चष्म्याच्या दुकानात दृष्टिचाचणी, ६.४३ युरो. लायसन्सचं जर्मन भाषांतर. बायोमेट्रिक फोटो. आणि प्रथमोपचाराचा वर्ग, पंचेचाळीस मिनिटांचे नऊ तास, एका शनिवारात उरकलेला. तिथे रबरी पुतळ्याच्या छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, परत तीस दाब. घरी आला तो घामाघूम. "ताई, बारा वर्षं गाडी चालवली, अपघात झाला तर काय करायचं हे आज कळलं." मला या सगळ्या व्यवस्थेतली ही एक अट निर्विवाद आवडते.

१४ ऑगस्टला अर्ज गेला. मंजुरी आली ऑक्टोबरच्या मध्यावर. मंजुरीशिवाय लेखी परीक्षेलाही बसता येत नाही. मार्चमध्ये पत्त्याची नोंदणी केली त्याच आठवड्यात हा अर्ज दिला असता, तर उन्हाळ्यात दोन्ही परीक्षा होऊन गेल्या असत्या आणि गाडी एक दिवसही उभी राहिली नसती. पण त्या महिन्यांत तो बोडेनझेचं सरोवर बघत होता, श्वार्त्सवाल्डचं जंगल बघत होता. खिशात वर्षभराची पुस्तिका असल्यावर कोण अर्जाच्या मागे लागेल?

१ सप्टेंबर

शुक्रवार होता. गोल्फ इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. बायकोला गाडी येत नाही. ऑफिसला एस-बान, म्हणजे इथली लोकल, होती, किराणा चालत जाण्याच्या अंतरावर. फार अडलं नाही.

अडलं ते तीन आठवड्यांनी, एका शनिवारी रात्री साडेदहाला. लेकीचा कान ठणकायला लागला, ताप एकशे तीनच्या वर. मुलांच्या दवाखान्याची तातडीची सेवा सहा किलोमीटरवर. त्याचा फोन आला तेव्हा तो पार्किंगमध्ये उभा होता. मागे मुलीचं रडणं ऐकू येत होतं, आणि किल्ल्यांचा आवाज.

"ताई, सहाच किलोमीटर आहे. रस्ता मोकळा आहे."

मी निघून पोचेपर्यंत अर्धा तास गेला असता. मी म्हटलं, "किल्ली वर ठेव. टॅक्सीला फोन कर, मी लाइनवर आहे." तो काही सेकंद बोलला नाही. मग म्हणाला, "हो." टॅक्सी नऊ मिनिटांत आली, चोवीस युरो झाले, मुलीला औषध मिळालं, ती परतताना टॅक्सीतच झोपली.

रस्त्यात कुणी अडवलं असतं का? बहुधा नाही. पण मागून कुणी धडकलं असतं, चूक समोरच्याची असती, तरी पोलिसांनी पहिल्यांदा लायसन्स मागितलं असतं. त्या रात्रीनंतर त्याने गोल्फची किल्ली माझ्याकडे आणून दिली, लायसन्स मिळेपर्यंत.

दहा गुण आणि दोन प्रश्न

लेखी परीक्षा संगणकावर, तीस प्रश्न. जर्मनशिवाय इंग्रजीसह बारा परकीय भाषांत देता येते. हिंदी त्यांत नाही, मराठी तर दूरच. उत्तर चुकलं की प्रश्नाच्या महत्त्वानुसार दोन ते पाच दोषगुण, आणि दहापर्यंत दोषगुण चालतात. प्रश्नसंच हजारावर प्रश्नांचा, पण तो खुला आहे, अॅपवर सराव करता येतो.

इंजिनिअरला आकडेमोड सोपी गेली. वेगाला दहाने भागा आणि तिनाने गुणा, हे प्रतिक्रियेचं अंतर. वेगाला दहाने भागून वर्ग करा, हे ब्रेकचं अंतर. ताशी पन्नासला पंधरा अधिक पंचवीस, चाळीस मीटर. शंभरला तीस अधिक शंभर, एकशे तीस. वेग दुप्पट, अंतर तिपटीहून जास्त. हे सूत्र तो रोज ऑफिसात याहून कितीतरी अवघड रूपात वापरतो.

ऑक्टोबरच्या शेवटी परीक्षा दिली. बाहेर येऊन फोन: "दहा दोषगुण. काठावर, पण झालं." दोन मिनिटांनी परत फोन. नापास.

नियमात एक बारीक ओळ आहे. दहा दोषगुण चालतात, पण ते पाच-पाचच्या दोन प्रश्नांमधून आलेले चालत नाहीत. पाच दोषगुणांचा प्रश्न म्हणजे जिथे चूक झाली की कुणी मरू शकतं तो. याचे नेमके तसलेच दोन चुकले होते, आणि दोन्ही वाट कुणाची यावरचे. अंतरं, दंड, दिवे, टायर सगळं बरोबर. दोन आठवडे थांबून पुन्हा बसला, तीन दोषगुणांत सुटला. पण ते दोन चुकलेले प्रश्न मला तेव्हाच खटकायला हवे होते. पुढे जे झालं त्याची ती पूर्वसूचनाच होती.

कुंपण आणि सायकल

त्याला मिळालेला शिक्षक साठीचा, शांत, मूळ तुर्की घरातला. पहिल्या तासानंतर त्याने निकाल दिला: गाडी तुझ्या हातात आहे, डोकं नाही. म्हणजे शब्दशः डोकं. लेन बदलताना किंवा वळताना आरशात बघून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे बघावं लागतं. त्याला इथे शुल्टरब्लिक म्हणतात. तो बघत होताच, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून, नाशिकच्या गर्दीत बघतो तसं. मागे बसलेल्या परीक्षकाला डोळ्यांचा कोपरा दिसत नाही. नाही दिसलं म्हणजे नाही बघितलं.

हॉर्न दुसऱ्या तासाला सुटला. इथे धोका असेल तरच वाजवायचा. समोरच्याने दिवा मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ 'मी येतोय, थांब', इथे बहुतेक वेळा 'तू जा'. एकदा दोन्ही गाड्या एकमेकींना दिवे मारत उभ्या राहिल्या, शिक्षक पोट धरून हसला.

एक सवय मात्र सोळा तासांतही पुरती सुटली नाही. तीसच्या वेगाच्या निवासी भागात चौकांवर पाट्या नसतात. तिथे नियम एकच, रेष्ट्स फोर लिंक्स: उजवीकडून येणाऱ्याची वाट आधी. तुम्ही रुंद रस्त्यावर आणि तो बोळातून येत असला तरीही, तो सायकलवर असला तरीही. गंमत म्हणजे पाटी नसलेल्या चौकात उजवीकडच्याला वाट द्यावी, हे आपल्या भारतीय नियमांतही लिहिलेलं आहे. आपण तो कधी पाळलेला पाहिला नाही, इतकंच. आपण शिकलो ते वेगळं: मोठा रस्ता माझा, बोळातला थांबेल, आणि नाही थांबला तर मी आहेच ब्रेकवर. बारा वर्षांत ते चुकलंही नव्हतं, हीच अडचण. इथे पाटी नसलेला प्रत्येक बोळ म्हणजे हळू हो, उजवीकडे मान वळव, कुणी नसल्याची खात्री कर आणि मग जा. रिकाम्या रस्त्यावर दर पन्नास मीटरला हे करणं त्याला नाटक वाटत होतं.

१२ डिसेंबर, सकाळी आठ, धुकं. परीक्षा पंचावन्न मिनिटांची, त्यात किमान तीस मिनिटं प्रत्यक्ष गाडी. परीक्षा स्कूल घेत नाही. या राज्यात ती ट्युफ ही तपासणी संस्था घेते आणि तिचा परीक्षक मागच्या सीटवर बसतो. सूचना जर्मनमध्येच. त्याने तीसेक वाक्यं घोकून ठेवली होती. सुरुवातीला टायरवरची नक्षी किमान किती खोल हवी हे विचारलं. १.६ मिलिमीटर, उत्तर बरोबर. ऑटोबान छान झाला, गाड्यांमध्ये मागे घेऊन पार्किंग एका फटक्यात. अडतीस मिनिटं झाली होती. परतीचा रस्ता एका वस्तीतून होता.

उजव्या हाताला उंच हिरवं कुंपण, कुंपण संपतं तिथे बोळ. वेग अठ्ठावीस. त्याने मान वळवली, पण बोळाच्या तोंडाशी पोचल्यावर. तेवढ्यात कुंपणामागून सायकलचं पुढचं चाक आलं. त्याचा पाय ब्रेककडे निघाला होता, हे तो आजही शपथेवर सांगतो. पण गाडीत टुंग असा आवाज झाला. स्कूलच्या गाडीत शिक्षकाने त्याच्या बाजूचं पेडल दाबलं की तो आवाज होतो, परीक्षकाला कळावं म्हणून. सायकलवाली बाई मान हलवून निघून गेली. परीक्षक मागून सौम्यपणे म्हणाला, आता परत जाऊ या.

शिक्षकाला मध्ये पडावं लागलं की परीक्षा संपली. त्यावर वाद नाही.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. चहा घेतला, बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "ताई, मी थांबलो असतो ग. खरंच थांबलो असतो."

मला ते खरं वाटतं. पण ती बाई त्याच्या ब्रेकवर विसंबून येत नव्हती, नियमावर विसंबून येत होती. तिने वेग कमी केला नव्हता कारण तिला करायचाच नव्हता. आपल्याकडे रस्त्यावर प्रत्येक जण समोरचा चुकणार असं धरून चालतो, म्हणून आपण निभावतो. इथे सगळे समोरचा पाळणार असं धरून चालतात, आणि त्यांत एक जण जरी नाशिकचा ड्रायव्हर असला तरी त्याचं कौशल्यच घातक ठरतं. हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. पुन्हा चहा टाकला.

पुढचे तीन आठवडे त्याने एकच गोष्ट केली. शिक्षकाबरोबर फक्त त्या वस्त्या, आणि शनिवारी-रविवारी पायी. लेकीला घेऊन झिंडेलफिंगेनच्या गल्ल्यांतून चालायचं, प्रत्येक तोंडाशी थांबून ती विचारणार, "इथे कोण आधी?" ती त्याच्यापेक्षा लवकर शिकली. जानेवारी २०२४ मध्ये तो दुसऱ्या खेपेला पास झाला. त्या परीक्षेबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि चांगल्या परीक्षेचं तेच लक्षण.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: तासाला, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांना, पासष्ट युरो. पहिले सोळा तास आणि नापास झाल्यावरचे चार. नोंदणी, दोन्ही परीक्षांच्या दोन-दोन फिया, अर्ज, वर्ग धरून एकूण सव्वादोन हजार युरोच्या आसपास, म्हणजे दोन लाखांच्या घरात.

कार्ड

पास झाला तरी परीक्षकाने त्याच्या हातात लायसन्स दिलं नाही. ते कचेरीतून घ्यायचं होतं, आणि भारतीय लायसन्स तिथे जमा करून. याला हे माहीत नव्हतं. मीही सांगायला विसरले होते, चूक माझी. काउंटरवर बाईंनी नवं कार्ड समोर ठेवलं आणि हात पुढे केला. याने पाकिटातून एमएच-१५ चं कार्ड काढलं, एकदा उलटसुलट केलं आणि मला मराठीत विचारलं, "परत मिळेल ना?" मिळू शकतं, जर्मन लायसन्स परत केलं तर. बाईंनी ते त्याच्या फाइलीतल्या प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं. बारा वर्षं दोन मिनिटांत फाइलबंद.

बारा वर्षं अगदीच वाया गेली असंही नाही. नव्या ड्रायव्हरला इथे दोन वर्षं परिवीक्षेची (प्रोबेशनची) असतात. परदेशातल्या लायसन्सचा काळ त्यात धरतात, त्यामुळे त्याला ती लागली नाही.

२०२४ च्या दिवाळीला ते नाशिकला गेले. मामाने सवयीने गाडीची किल्ली त्याच्यापुढे धरली. "नाही बाबा, माझं लायसन्स जर्मनीत फाइलमध्ये आहे." मामा म्हणाला, "मोबाइलमध्ये बघ." बघितलं. डिजिलॉकरमध्ये त्याचं लायसन्स जिथल्या तिथे होतं, वैध, फोटोसकट, आणि डिजिलॉकरमधलं लायसन्स मूळ कागदाच्या बरोबरीने धरावं असं केंद्राने २०१८ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे. प्लास्टिक तिकडे जमा, नोंद इकडे जिवंत.

तो बसला. द्वारकेच्या चौकाकडे निघाला, गल्लीच्या प्रत्येक तोंडाशी हळू होत, मान वळवत, मागच्या रिक्षांचे हॉर्न खात. वळण आलं. त्याने डावा हात उचलला आणि कोरड्या काचेवर वायपर फिरले.

"बाबा, पाऊस?"

शेजारी बसलेल्या मामाने काच खाली करून आभाळाकडे बघितलं.